आपोआप चालणारी गल्ली

२ फेब्रुवारी, रविवार

हिशेबाच्या वहीची मागची पाने दरवर्षी कोरी राहतात आणि रद्दीत जातात. ह्या वर्षी ती वाया घालवायची नाहीत असे ठरवले. देवासमोर दिवा लावून झाला की चार ओळी लिहीन. मॅट्रिकनंतर हिशेबाशिवाय काही लिहिलेले नाही, त्यामुळे हात जड झाला आहे.

उद्यापासून आमची गल्ली नगरपालिकेच्या हाताखालून सुटते. झाडलोट, खांबांवरचे दिवे आणि पाण्याचा व्हॉल्व, तिन्ही कामे गल्लीने आपली आपण करायची आणि पालिकेने त्यांचा कर घ्यायचा नाही, असे लेखी ठरले आहे. अध्यक्ष हसत म्हणाले होते, "निवडणुकीपर्यंत करून दाखवा." हे म्हणाले, "दाखवतो."

ह्यांचे अर्ज लिहून देण्याचे दुकान आहे. त्याच त्या म्हाताऱ्यांना दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला लिहून देता देता ह्यांचे मन त्या सगळ्या कारभारावरून उडाले, आणि त्यातून अल्पशासन पक्ष निघाला. गावात दोन मोठे पक्ष आहेत, आमचा तिसरा. अजून सगळे सभासद आमच्या एका सतरंजीवर मावतात. "सरकार जेवढं लहान, तेवढा माणूस मोठा," हे ह्यांचे वाक्य. ह्या खेपेला हे स्वतः उभे आहेत. निशाणी कात्री मिळाली, म्हणून समोरची शिंपीण खूश आहे.

आज बैठक झाली. औषधवाले, शिंपीण, निवृत्त कवायत मास्तर आणि आणखी काहीजण आले होते. प्रत्येकाने एकेक वार मागून घेतला. मी माझाही वार विचारला तर औषधवाले म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त चहाचं बघा. तेच मोठं खातं आहे." सगळे हसले, मीही हसले.

दुपारी भावाचा फोन आला होता. आई अंथरुणाला खिळली आहे आणि माझी आठवण काढते. बसने अख्खा दिवस जातो. इकडची घडी बसली की येते म्हणून सांगितले.

३ फेब्रुवारी, सोमवार

पालिकेचा चावीवाला शेवटचा येऊन गेला. व्हॉल्वची चावी म्हणजे कमरेइतका उंच लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. तो म्हणाला, "सावकाश फिरवायची. एकदम सोडलं तर जुना नळ फुटतो. उजाडायच्या आत सोडायचं आणि टाक्या भरल्या की लगेच बंद, नाहीतर खालच्या घरांत पाणी शिरतं." पुरुष मंडळी तेव्हा वर्तमानपत्राच्या फोटोसाठी खराटे घेऊन ओळीत उभी होती. मी कपबशा धरून त्याच्याजवळ होते म्हणून माझ्या कानावर सगळे पडले. जाताना तो मला म्हणाला, "बाई, सगळ्यांना शिकवा म्हणाले होते. ऐकलं तुम्ही एकट्यांनीच."

आमचे घर गल्लीच्या मधोमध, म्हणून चावी आमच्या बोळातल्या खिळ्याला अडकवली आहे. ज्याचा वार त्याने न्यायची आणि आणून ठेवायची.

कवायत मास्तरांनी आज अशी गल्ली झाडली की जणू शाळेची तपासणी आहे. सगळेजण एकमेकांना हाका मारत होते. असा दिवस ह्या गल्लीत मी पाहिला नव्हता. देवाला म्हटले, ह्यांचे खरे होऊ दे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज औषधवाल्यांचा वार. मी पहाटे जपाला बसले होते, चावी खिळ्यालाच. वाट पाहिली. शेवटी पदर खोचला आणि जाऊन पाणी सोडले. दुकानात माल आला असेल बिचाऱ्यांच्या. येताना त्यांच्या दारापुढचे झाडूनही घेतले, चारचौघांत त्यांना खाली पाहायला नको म्हणून.

कुणाला बोलले नाही. मन हलके वाटले. जप आल्यावर पुरा केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शिंपिणीकडे शाळेच्या गणवेशांचे काम आले आहे, ती ह्या वारी आली नाही. कवायत मास्तर मात्र गुडघा बांधून येत होते. काल मुलगा त्यांना आपल्या घरी घेऊन गेला, तो म्हणतो वडिलांच्या वयाचा तरी विचार करा. बाकीच्यांचे काही कळत नाही. भेटले की हसून म्हणतात, "छान चाललंय की."

संध्याकाळी दिव्यांची कळ आता मीच दाबते, सकाळी मीच बंद करते. हे गाढ झोपेत असतात. प्रचारात घसा बसेपर्यंत बोलतात, झोप हवीच. ह्यांना सांगावे असे दोनदा तोंडावर आले. पण ह्यांच्या डोळ्यांत हल्ली जे दिसते ते लग्नानंतर पहिल्यांदाच दिसते आहे. ते माझ्या हाताने कसे विझवू?

१५ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्या नणंदेने पाहिले. ती वर माडीवर राहते, दवाखान्यात नोंदवहीवर बसते. पहाटेची पाळी होती म्हणून खाली उतरली, तर मी चावी फिरवत उभी.

"वहिनी, हे काय?"

"आज त्यांना जमलं नाही गं."

"आणि परवा? परवाही माझी पहाटेचीच पाळी होती." ती पायरीवर टेकली. "दादा म्हणतो सरकार लहान करायचं. मी म्हणत होते, लहान म्हणजे केवढं. आता कळलं. तुझ्या मापाचं."

मला हसू आले. तिला आले नाही.

"सांग त्याला. नाहीतर मी सांगते."

"तुला माझी शपथ आहे," मी म्हटले. ती पिशवी उचलून तरातरा निघून गेली.

आज देवासमोर बसल्यावर मनात आले, देवही असाच कुणाला न दिसता सगळे करतो. मग मी केले तर चुकले काय? आणि मग वाटले, म्हणूनच तर लोक देवाला विसरतात की काय.

२३ फेब्रुवारी, रविवार

चौकात सभा. मोठ्या पक्षांच्या सभेला जाणारी माणसेही थांबून ऐकत होती. हे म्हणाले, "आमच्या गल्लीत या आणि पाहा. कुणी साहेब नाही, कुणाचा हुकूम नाही, पगार नाही. सांगायला कुणी नाही, म्हणूनच माणसं शहाण्यासारखी वागतात. गल्ली आपोआप चालते." खूप टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी औषधवाल्यांची बायको होती, ती माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "खरंच हो, आमच्या ह्यांना तर आता लक्षातसुद्धा राहत नाही आपला वार कधी असतो ते."

अभिमान वाटला. तळहात दुखत होते म्हणून टाळ्या हळू वाजवल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भावाचा पुन्हा फोन. आईने खाणे सोडले आहे. "ताई, तू नक्की कधी येतेस? दाराकडे डोळे लावून असते ती."

जेवताना ह्यांच्याजवळ विषय काढला. हे लगेच म्हणाले, "अगं, मग जा ना. विचारतेस काय? तुला कोण अडवतंय?"

"इकडचं कसं होईल?"

"इकडचं काय? माझ्या जेवणाचं म्हणतेस? दोन दिवस ब्रेड खाईन. तुझ्यावाचून असं काय अडलंय इथे?"

मनापासून म्हणाले. माझ्या ताटातला घास तसाच राहिला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चावी चार दिवस कुणाकडे तरी सोपवावी म्हणून निघाले. आधी औषधवाल्यांकडे गेले.

"भाऊ, मी आईकडे जाईन म्हणते. तेवढं पहाटेचं पाण्याचं तुम्ही बघाल का?"

ते गोळ्या मोजत होते. "मी? माझा शनिवार आहे ना. माझा वार मी सोडलाय का कधी?"

सांडलेली एक गोळी मी उचलून दिली. तेच पुढे म्हणाले, "म्हणजे एखादा चुकला असेल. पण चुकला असता तर शनिवारी पाणी आलं नसतं ना वहिनी? आलं. म्हणजे कुणीतरी बघतंच. तुमचे हे म्हणतात तेच खरं. तुम्ही निर्धास्त जा."

शिंपिणीने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, मला बसवले, आईची चौकशी केली. मग म्हणाली, "काकू, मला वाटत होतं माझा वार औषधवाल्यांनी घेतलाय. इतकं छान चाललंय, मी मध्ये कशाला लुडबुडू?"

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. कुणाच्याच नव्हती. परत आले आणि चावी खिळ्याला लावली.

४ मार्च, मंगळवार

काल कपडे बांधून ठेवले होते. पहाटेची बस. म्हटले, आजच्यापुरते पाणी सोडून निघावे. पण सोडले की बंद करीपर्यंत थांबावे लागते, खालच्या घरात परवाच बाळंतीण आली आहे. टाक्या भरेपर्यंत उभी राहिले. बस गेली.

घरी येऊन बोचके सोडले आणि ह्यांना उठवून सगळे सांगितले.

हे पलंगावर उठून बसले. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी चौकात उभा राहून खोटं बोललो."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तू घाण करून ठेवलीस सगळी," हे म्हणाले. ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरे झाले असते. "त्यांना संधीच दिली नाहीस तू. एक दिवस नळ कोरडा राहिला असता ना, तर सगळे चावीकडे धावत आले असते. माणसावर विश्वास टाकावा लागतो. तो तू टाकला नाहीस. एवढा जप करतेस, कुणावर विश्वास ठेवून करतेस?"

खरेच आले असते का धावत?

मी विचारले, "मग उद्या नको सोडू?"

हे उठून बोळात गेले, चावीकडे पाहत उभे राहिले. पाठमोरेच म्हणाले, "आता मध्येच बंद पडलं तर दोन्ही पक्ष तुटून पडतील. मतदान होईपर्यंत चालू दे. हुकूम नाही करत मी. विनंती करतोय."

"आणि आई?"

"थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. थांबतील त्या."

मी हो म्हटले. ह्यांनी आजवर माझ्याजवळ काही मागितले नव्हते, हवे ते न मागताच मिळत होते.

१० मार्च, सोमवार

भावाने आईच्या कानाशी फोन धरला. श्वास ऐकू आला. मी म्हटले, "आई, मतदान झालं की येते." पलीकडे भाऊ म्हणाला, "ताई, तिला मतदान म्हणजे काय सांगू?"

जपात मन लागत नाही. माळ हातात फिरते आणि मी मनात चावीचे फेरे धरते.

१६ मार्च, रविवार

पहाटे पाणी सोडून आले तर फोन वाजत होता. आई गेली.

२१ मार्च, शुक्रवार

रात्रीच्या बसने निघून आज उजाडल्यावर परतले.

तिथे कुणी रागावले नाही. भावजय फक्त म्हणाली, "शेवटचं पाणी मीच पाजलं. दोन चमचे गेलं." भाऊ निघताना स्टँडवर म्हणाला, "ताई, एक विचारू? एवढं काय काम होतं गं तुला?" व्हॉल्वचे सांगायला गेले आणि थांबले. बसच्या आवाजात माझा अर्धा शब्द त्याला ऐकू आला नसावा अशी समजूत करून घेतली.

गल्लीत शिरले तर लख्ख झाडलेली. शिंपिणीच्या दारातला नळ धो धो चालू होता. बोळात चावी खिळ्याला, खाली ओली. मी ह्यांच्याकडे पाहिले.

"बघ," हे म्हणाले. "तू गेलीस आणि लोक आले. मी कुणाला एका शब्दाने बोललो नाही. आपोआप आले."

"सगळे?"

"आळीपाळीने."

म्हणजे ह्यांचे खरे होते. मी बाजूला झाले असते तर लोक आधीच आले असते. मी फेब्रुवारीतच आईकडे गेले असते, तिला भरवले असते, केस विंचरून दिले असते. मला कुणी अडवले नव्हते. माझ्या अविश्वासाने अडवले.

देवासमोर बसले, पण काय मागावे ते कळेना. दिवा लावून उठले.

२३ मार्च, रविवार

मतदान. कात्रीवर शिक्का मारला. उद्यापासून तरी झोपायला मिळेल असे मनात येऊन गेले, आणि लगेच आठवले की गल्ली चालवायला आता माझी गरज नाही. पण आज पहाटे कुणी आले नव्हते. मतदानाची गडबड असेल. मीच सोडले.

२५ मार्च, मंगळवार

हे निवडून आले. दोन्ही मोठ्या पक्षांचे सभासद सारखेच आले, त्यामुळे ह्यांच्या एका मताशिवाय कुणाचेच चालणार नाही. अध्यक्ष व्हायला निघालेले गृहस्थ घरी येऊन गेले. ह्यांची मागणी मान्य झाली. एक तारखेपासून गावातल्या सगळ्या गल्ल्या आमच्यासारख्या होणार. चावीवाले आणि झाडूवाले कमी करणार.

घर माणसांनी भरले होते. औषधवाल्यांनी ह्यांना खांद्यावर घेतले, शिंपिणीने कापडी कात्री करून खिडकीत टांगली. मी चहाचे खाते बघत होते. नणंद स्वयंपाकघरात आली, दार लोटून घेतले.

"वहिनी, तुझी शपथ अजून लागू आहे का?"

"कसली?"

"तू आईकडे गेलीस ना, त्या दिवसांत माझी पहाटेची पाळी होती." ती कपबशा पुसायला लागली. "दादा फिरवत होता चावी. डोक्यावरून मफलर गुंडाळून, चोरासारखा. झाडायचासुद्धा. मला पाहिलं तर खांबामागे झाला."

"रोज?"

"रोज. एकही दिवस थांबून बघितलं नाही त्याने, कुणी येतंय का म्हणून."

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ह्यांनी हार उतरवले तेव्हा तळहात दिसला. आडव्या मुठीने जिथे माझी साल गेली आहे, बरोबर तिथेच ह्यांचीही गेली होती.

"काय लागलं?" मी विचारले.

"दुकानाचं शटर," हे म्हणाले आणि मूठ मिटली.

मी मूठ उघडून तेल लावले. माझ्याही हाताला तेच तेल लागले. हे माझ्या हाताकडे पाहत होते.

परवापर्यंत मला वाटत होते की माझ्या अविश्वासामुळे आई अंतरली. आता कळते की ह्यांचाही विश्वास नव्हता. ह्यांतले कोणते जास्त वाईट, हे मला ठरवता येत नाही. मॅट्रिकपर्यंत हे शिकवले नव्हते.

२६ मार्च, बुधवार

हे झोपलेले होते. चावी माझ्या बाजूच्या भिंतीला टेकून ठेवलेली होती. रात्री खिळ्यावरून कुणी काढली ते विचारले नाही.

चावी घेऊन व्हॉल्वपाशी गेले आणि आज फिरवली नाही. एकदा बघायचेच, असे मनाशी म्हटले. आम्हा दोघांपैकी एकाने तरी बघायला हवे होते. दांडा धरून उभी राहिले. जप केला नाही, नुसती वाट पाहिली.

उजाडू लागले. कुठेतरी कोरडा नळ सोडल्याचा आवाज आला, हवा गेल्यासारखा फुस्स. दुसरा वाजला, मग तिसरा. शिंपिणीच्या घरात बादली आपटली. येतील, आता येतील, असे वाटले. देवाशपथ लिहिते, कुणीतरी येऊन माझ्या हातातून चावी हिसकावून घ्यावी एवढीच इच्छा होती. आई गेली ती फुकट गेली असे ठरले असते, तरी चालले असते मला.

वर औषधवाल्यांची खिडकी उघडली. त्यांनी वाकून खाली गल्लीत पाहिले. मी दिसले, हातातली चावी दिसली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. हात हलवून म्हणाले, "आहात ना वहिनी? मग ठीक आहे." आणि निश्चिंतपणे खिडकी लावून घेतली.

मी अजून थोडी थांबले. मग खालच्या घरातले बाळ रडायला लागले.

सावकाश फिरवली. एकदम सोडले तर जुना नळ फुटतो.